भिंतींना जेवू घालणारी

‘दर्याशिळा बांधलेली नाही, वाढवलेली आहे.’ हे वाक्य जाहिरातीत होतं, आणि जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. पण या एका बाबतीत ती मंडळी चक्क खरं बोलत होती. देवगडच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या जांभ्याच्या कड्यावर या हॉटेलच्या चाळीस खोल्या होत्या. कडा कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते ते हात लावूनही कळत नसे. बर्फात कोरलेली, झाडांना टांगलेली, समुद्राखाली काचेत बंद केलेली हॉटेलं बघून कंटाळलेले जगभरचे वास्तुतज्ज्ञ इथे यायचे, तांबूस भिंतीवर तळवा टेकवायचे आणि म्हणायचे, ‘ही श्वास घेतेय.’ तेही खरंच होतं.

या भिंतींना शेवंती तांडेल जेवू घालायची. गळ्यातल्या बिल्ल्यावर ‘वॉल न्यूट्रिशन असोसिएट’ असं लिहिलेलं होतं, पण गावात कोण एवढं लांबलचक म्हणत बसणार? गाव तिला ‘भिंतींची आया’ म्हणायचं. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

यातलं विज्ञान फार अवघड नाही. लोणारच्या सरोवरासारख्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात काही जिवाणू तग धरून राहतात. ते वर्षानुवर्षं कोरडे झोपून राहतात आणि पाणी-खाणं मिळालं की जागे होतात. डॉक्टर हेमाडींनी असे जिवाणू निवडून प्रयोगशाळेत आणखी कणखर केले. जांभ्याची भुकटी, वाळू आणि हे जिवाणू यांचा लगदा साच्यावर थापायचा आणि त्याला खाद्य द्यायचं. जिवाणू खातात, कार्बन डायॉक्साइड सोडतात, तो कॅल्शियमला भेटतो आणि कॅल्साइट तयार होतं. शिंपला ज्याचा बनतो तेच हे द्रव्य. त्याने कणाला कण चिकटतो. पुढे कधी तडा गेला तर त्यातून ओल आत शिरते, झोपलेले जिवाणू उठतात आणि तडा भरून काढतात. सिमेंट नको, रंग नको, डागडुजी नको. फक्त भिंत जिवंत आहे तोवर तिला भूक लागणार, एवढीच अडचण.

म्हणून प्रत्येक भिंतीत हातभर अंतरावर छोटी छिद्रं ठेवली होती. बायका त्यांना तोंडं म्हणायच्या. दर आठवड्याला प्रत्येक तोंडात दीडशे मिलिलीटर खाद्य घालायचं. खाद्याची टाकी तळघरात, तिच्या नळाला मीटर, मीटरचा आकडा थेट संगणकात. त्या आकड्याखाली दर शनिवारी सही करायची ओवी तांडेल. शेवंतीची एकुलती एक लेक, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., हेमाडींच्या हाताखाली तयार झालेली. आईला ही नोकरी तिनेच लावून दिली होती.

आता शेवंतीची सवय सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. अठरा वर्षं तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती. माणशी किती तांदूळ, किती डाळ याचा सरकारी कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला असायचा आणि शेवंती त्याच्याकडे पाठ करून वाढायची. ताटावर बसलेल्या पोराचा चेहरा बघायचा आणि पळी भरायची, हा तिचा हिशेब. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, पण हाताची सवय गेली नाही.

दर्याशिळेच्या पहिल्याच वर्षी तिला उत्तरेकडची भिंत उतरलेली दिसली. इतर भिंती तांबूस, ही पांढुरकी. बोटाच्या पेराने वाजवली तर आवाज पोकळ. दुसऱ्या दिवशी शेवंती घरून डबा घेऊन आली. डब्यात भाताची पेज, आणि पेजेत चुन्याची निवळी. शिंपल्यांचा चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहतं ते. अशक्त पोरांना चमचाभर देतात, हाडं धरतात. शेवंतीने नेहमीचं दीडशे मिलिलीटर घातलं आणि वर आपल्याकडची एकेक पळी. महिन्याभरात भिंतीवर लाली आली आणि आवाज भरीव झाला.

मग इतर भिंतींचं काय? एकीला वाढलं आणि दुसरीला नाही असं शेवंतीच्या हातून झालंच नसतं. तिने बरोबरच्या शालनला सांगितलं, शालनने दोघींना सांगितलं, आणि सहा वर्षं चाळीस खोल्यांच्या भिंती पेज आणि निवळी पीत राहिल्या. ओवीला यातलं अक्षर माहीत नव्हतं. लपवालपवी अशी नव्हती. साहेबाला विचारून कुणी पोराला जास्त वाढतं का? मीटर मात्र टाकीलाच होता. डब्याला मीटर नसतो.

दरवर्षी हेमाडींची माणसं यायची. मागच्या बाजूला, पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी, भिंतीतून मनगटाएवढा तुकडा कापून न्यायची आणि यंत्रात दाबून बघायची. पाचव्या वर्षी हेमाडी स्वतः आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. भिंत अंदाजापेक्षा दुपटीने मजबूत निघाली होती.

‘‘जांभ्यातलं लोह,’’ ते ओवीला म्हणाले. ‘‘लोहामुळे स्फटिक घट्ट बसतात. मी दहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं, तेव्हा लोक हसले होते.’’

शेवंती कोपऱ्यात पेढा खात उभी होती. तिला लोहाचं काही कळलं नाही. साहेब खूश आहेत, ओवी खूश आहे, एवढं तिला पुरे होतं.

त्या आकड्यांवरून एक तक्ता तयार झाला. किती आठवडे, किती खाद्य, म्हणजे भिंतीत किती ताकद. कंपनीने तक्ता हातात धरला आणि जगभर सात हॉटेलं वाढवायला घेतली. नॉर्वेच्या खाडीवर एक, ओमानच्या कड्यावर एक, चिलीच्या वाळवंटात एक. सगळ्यांत देखणं अटलांटिकमधल्या एका पोर्तुगीज बेटावर. फुलाच्या पाकळ्यांसारखे खोल्यांचे पुंजके समुद्रावर झुकलेले, आणि पाकळीच्या भिंतीची जाडी किती? एक वीत. दर्याशिळेत भिंत दीड हात जाड होती. तक्ता सांगत होता की एवढ्या जाडीची गरजच नाही, लोह मिसळलं की झालं.

त्या फुलाची जबाबदारी ओवीला मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी ओवी आईला चित्रं दाखवत बसली होती. ‘‘ही बघ पाकळी. तुझ्याच हाताखालच्या भिंतीवरून आकडे घेतलेत.’’

‘‘एक वीत?’’ शेवंती म्हणाली. ‘‘आणि खाणं?’’

‘‘तेच. दीडशे मिलिलीटर.’’

‘‘वर काही नाही?’’

‘‘वर काय घालणार? भजी?’’ ओवी हसली. ‘‘आई, ती भिंत आहे गो, जावई नाही.’’

शेवंतीच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण लेकीच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिने बारावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता. शिवाय तिने स्वतःलाच विचारलं, पळीभर पेजेने असा काय मोठा फरक पडत असेल? एवढे शिकलेले लोक लोह म्हणतायत, तर लोहच असेल. असं म्हणून तिने वेळ मारून नेली. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो, नाही? दुसऱ्याशी बोलताना निदान घसा तरी कोरडा पडतो.

पुढे दीड वर्ष ओवी रोज व्हिडिओ फोन करायची. इथे दुपार, तिथे सकाळ. उद्घाटनाला सहा दिवस होते तेव्हा ती एका खोलीतून बोलत होती. जगातली नामांकित हॉटेलं निवडणारी मंडळी येणार, एकशे दहा पाहुणे, बेटाचा महापौर. ओवीच्या बोलण्याला खंड नव्हता. शेवंती मात्र तिच्या खांद्यामागे बघत होती.

‘‘ओवी, मागची भिंत अशी का दिसते?’’

‘‘कशी?’’

‘‘उतरलेली. पांढुरकी.’’

‘‘प्रकाश आहे तो.’’

‘‘बोटाने वाजव बघू.’’

ओवीने हसत हसत पेराने टकटक केलं. फोनमधूनही कळण्याइतका तो आवाज पोकळ होता.

आणि मग तिने सांगितलं. डबा, पेज, निवळी, शालन, सहा वर्षं, सगळं. ओवीने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवंतीचं बोलून संपलं तेव्हा ओवीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता आणि तिने वही पुढे ओढली होती.

‘‘पळी किती मोठी?’’

‘‘शाळेतली. वाटीभर येतं.’’

‘‘दर आठवड्याला?’’

‘‘कधी दोनदा. पावसात तीनदा.’’

‘‘निवळी किती?’’

‘‘चार चमचे असेल.’’

ओवी लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली. ‘‘म्हणजे कॅल्शियम दुपटीहून जास्त. लोहाचा काही संबंध नाही. आई, मी तीनशे आठवडे त्या आकड्यांवर सही केली.’’

‘‘मला काय माहीत होतं, बाय?’’

‘‘निघताना तरी सांगायचंस. तेव्हा फक्त चित्रं होती.’’

ओवी म्हणाली की ती लगेच हेमाडी सरांना फोन करते, भिंतीचा तुकडा कापून तपासते, उद्घाटन पुढे ढकलायला लावते. फोन ठेवताना ती ओरडलीसुद्धा नाही. शेवंतीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हेमाडी तिच्या दारात उभे होते. पुण्याहून गाडी हाकत आले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल.

‘‘शेवंतीताई, पेजेने दगड वाढतो का?’’ ते खुर्चीवर बसत म्हणाले. ‘‘मी चाळीस वर्षं यात घालवलीत. पोरगी घाबरली आहे. मोठ्या कामाच्या तोंडावर होतं असं.’’

‘‘साहेब, तिथली भिंत पोकळ वाजते. मी ऐकलं.’’

‘‘फोनवर?’’

मग हेमाडींनीच तिकडची हकीकत सांगितली. तुकडा कापायला वास्तुकारांनी नकार दिला होता. वीतभर जाडीच्या पाकळीला उद्घाटनाच्या तोंडावर भोक पाडायचं म्हणजे त्यांच्या कामाचा सत्यानाश. हॉटेलवाले म्हणत होते, तोंडी गोष्टीवर एकशे दहा माणसांना परत पाठवायचं का? हेमाडींनी पिशवीतून कागद काढला.

‘‘यावर सही करा. ठरलेल्या खाद्याशिवाय तुम्ही काही घातलं नाही, एवढंच आहे.’’

‘‘पण घातलंय.’’

‘‘मग ओवीने तीनशे वेळा खोटी सही केली, असा अर्थ होतो.’’ त्यांचा आवाज मऊ होता, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी काळजीही होती. ‘‘खाद्याच्या नोंदीला कायद्याने सही करणारा जबाबदार असतो. सात हॉटेलं त्या नोंदींवर उभी आहेत. तिची पदवी जाईल, परदेशात खटला होईल. तुम्ही सही करा, मी उद्यापासून तिथलं खाद्य दुप्पट करतो. कुणाला न सांगता. तुमचंही समाधान, माझंही.’’

एका दिवसात पोर बाळसं धरत नाही. अठरा वर्षं पोरांना वाढलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? उत्तरेच्या भिंतीला महिना लागला होता, तिला आठवत होतं. पण खटला हा शब्द तिच्या डोक्यात घण घालत होता. नवरा गेल्यावर खिचडीच्या पगारावर शिकवलेली लेक, कुठल्याशा परक्या देशात, परक्या तुरुंगात. शेवंतीने सही केली.

संध्याकाळी ओवीचा फोन आला. ‘‘आई, तू सही केलीस?’’

‘‘तुझ्यासाठी केली.’’

‘‘सरांनी तो कागद इथे सगळ्यांना पाठवला. आता माझं कुणी ऐकत नाही. म्हणतात, तुझी आईच नाही म्हणते.’’

‘‘तू ये निघून. काम सोड. आजच निघ.’’

‘‘आणि इथे जे आहेत ते?’’ ओवी थकलेली वाटत होती. ‘‘खालच्या पाकळीतल्या बारा खोल्या मी बंद करून ठेवल्यात, पाणी गळतं म्हणून सांगितलं. बाकीचं बघते. माझ्यावर रागावू नको. मीही रागावलेली नाही.’’

हे शेवटचं ती खरं बोलली की आईला बरं वाटावं म्हणून बोलली, कोण जाणे.

उद्घाटन झालं. शेवंतीने ते कॅन्टीनमधल्या पडद्यावर पाहिलं. ओवी हिरव्या साडीत महापौरांच्या मागे उभी होती, हसत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे न्याहारीला बसलेले असताना, बेटाला छोटासा हादरा बसला. ज्वालामुखीचं बेट, असले हादरे तिथे आठवड्याला बसतात; कपातली कॉफीसुद्धा सांडली नाही म्हणे. भिंतीला तडे गेले आणि ते भरून काढण्याइतकं बळ भिंतीत नव्हतं. ओवीला तडा सगळ्यांच्या आधी दिसला. तिने घंटा वाजवली, लोकांना जिन्याकडे हाकललं. वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की ती दोनदा बाहेर आली होती. तिसऱ्यांदा ती खोल्या झाडणाऱ्या बायकांना आणायला गेली. त्यांना घंटेची भाषा कुणी शिकवलीच नव्हती. वरची पाकळी समुद्रात गेली तेव्हा आत एकोणीस माणसं होती.

ओवी नवव्या दिवशी सापडली. शेवंतीला शवपेटी उघडू दिली नाही.

गावाने कमानीवर फलक लावला, ‘वीरकन्या ओवी’. पालकमंत्री येऊन गेले. बंद पडलेल्या शाळेला तिचं नाव द्यायचं ठरलं. शेजारणी रोज भात-आमटी आणून द्यायच्या आणि शेवंती ती तशीच ठेवून द्यायची.

महिन्याभराने दोन्ही सरकारांनी मिळून नेमलेली चौकशी समिती दर्याशिळेत आली, कारण तक्त्याची मूळ भिंत इथली. अध्यक्षा पाटणकर बाई, निवृत्त न्यायाधीश. साक्षीच्या आधी हेमाडींनी शेवंतीला व्हरांड्यात गाठलं. महिन्याभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

‘‘समिती भूकंप लिहिणार आहे,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. तुमचा तो कागद आहे, तो तसाच राहू द्या. पोरीचं नाव चांगलं झालंय. ते राहू द्या.’’

‘‘बाकीची सहा हॉटेलं?’’

‘‘तिथे असे आठवड्याला हादरे बसत नाहीत.’’

‘‘माणसं राहतात ना त्यांत?’’

हेमाडींनी मान खाली घातली. तो माणूस दुष्ट नव्हता. भित्रा होता, आणि आपलं लोह त्याच्याने सोडवत नव्हतं. अशा माणसांचा राग धरायचा म्हटलं तरी धरता येत नाही.

सभागृहात शेवंती उभी राहिली. पाटणकर बाईंनी कागद पुढे केला. ‘‘ही सही तुमची?’’

‘‘माझी. पण मजकूर खोटा आहे.’’

मग तिने सगळं सांगितलं, पळीच्या मापासकट. ओवीला कधी कळलं, तिने कुणाला सांगितलं, तेही सांगितलं. हेमाडींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, फोन आला होता, पण असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही, आणि सहीचा कागद हा नेहमीचा सोपस्कार. हॉटेलवाल्यांनी आणि वास्तुकारांनीही कानांवर हात ठेवले. लेखी काही नव्हतंच.

पाटणकर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘शेवंतीबाई, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? हे मी नोंदवलं तर तक्ता रद्द होईल. सहाही हॉटेलं आज संध्याकाळपर्यंत कंपनीला रिकामी करायला लावीन. पण मग कारण भूकंप राहणार नाही. चुकीच्या नोंदी हे कारण राहील. धोका कळूनही सही करणाऱ्याने हॉटेल उघडू दिलं, हे त्यात येईल. आणि त्या नोंदींवर सही एकाच व्यक्तीची आहे.’’

‘‘माझं नाव लिहा. घातलं मी.’’

‘‘तुमच्यावर वेगळी कारवाई होईल. पण तुम्ही कर्मचारी होता. जबाबदार म्हणून सही करणाऱ्याचंच नाव लिहावं लागतं. मेलेल्या माणसाचंही.’’

‘‘तिने सांगितलं होतं साहेबांना.’’

‘‘त्याला पुरावा नाही.’’

शेवंतीने मागे वळून पाहिलं. दारात गावची माणसं दाटीवाटीने उभी होती. शालन होती, शाळेचे जुने मास्तर होते, फलक रंगवणारा होता. कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. आपल्या लेकीने पाकळीत तिसऱ्यांदा जाताना काय विचार केला असेल, हे तिने महिनाभर रोज स्वतःला विचारलं होतं आणि उत्तर सापडलं नव्हतं. आता तिला वाटलं, ओवीने फार विचार केलाच नसेल. आत माणसं होती, म्हणून गेली असेल.

‘‘कारकुनाला पूर्ण नाव हवंय,’’ पाटणकर बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

शेवंतीला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही. रडत रडतच, पण लिहिणाऱ्याला एकेक अक्षर नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, ‘‘लिहा. ओवी रामचंद्र तांडेल.’’